दाजींचा धबधबा

सोलापूर जिल्ह्यात बघण्यासारखं काही नाही, असं म्हणणाऱ्या माणसानं एकदा आमच्या दाजींच्या जीपमध्ये बसावं. उतरताना त्याचं मत बदललेलं असेल असं नाही, पण ते पुन्हा चारचौघांत बोलून दाखवायची त्याची छाती होणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्काचे, यजमान. राहायला सांगोल्यात. जगात जे आहे ते दाखवणारे पायलीला पन्नास मिळतात. जे अजून व्हायचं आहे ते दाखवणारा माणूस मी आजवर एकच बघितला, आणि नशिबानं तो आमच्याच घरात निघाला. वीस वर्षं दर दिवाळीत आणि दर मे महिन्यात मी बायकापोरांसह त्यांचा पाहुणा होतो, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत ते म्हणायचे, "चला पाव्हणं, कालव्यावर जाऊन येऊ."

दाजी सरकारी खात्यात पाटकरी होते. कालव्याचं गेट उघडायचं, बंद करायचं, पाणी कुणाच्या शेताला किती गेलं ते बघायचं, हे पाटकऱ्याचं काम. दाजींच्या कालव्यात सगळं होतं. काठ होते, पूल होते, मैलाचे दगड होते, गेट होतं, गेटाला पाटकरी होता. पाणी तेवढं नव्हतं. कालवा खणून झाला त्या साली दाजींना नोकरी लागली आणि दोन वर्षांत पाणी येणार असं साहेब बोलले. साहेब बदलले, त्यांच्यानंतरचे बदलले, साहेबांची पोरं शिकून साहेब झाली. पाणी दोन वर्षांवर होतं तिथंच राहिलं. दाजी मात्र रोज सकाळी सायकलवरनं आणि पुढं मोटरसायकलवरनं गेटावर जात आणि वहीत लिहीत, "कालवा सुस्थितीत. पाणी नाही. गळती नाही." ती वही मी स्वतः वाचलेली आहे. गळती नाही हे लिहिताना माणूस कधी हसला असेल असं अक्षरावरनं वाटत नाही.

सहलीसाठी त्यांनी एक जीप घेतली होती. आयुष्यभर वडापात, म्हणजे शिटावारी माणसं भरून गावोगाव, पळून दमलेली. तिच्यात नऊ माणसं बसतात असं दाजी म्हणत, आणि बारा बसवत. पहिला मुक्काम कालव्यावरच्या पुलाचा. पूल नामी बांधलेला, पण त्याच्या दोन्ही बाजूंना रस्ता नव्हता आणि खाली पाणी नव्हतं. डाळिंबाच्या बागांमध्ये तो एकटाच उभा होता. दाजी आम्हाला वर चढवून कठड्याला टेकवत आणि म्हणत, "संध्याकाळचं हितनं पाण्यात सूर्य दिसतो." दिसतो म्हणत, दिसेल नव्हे. पुढचा मुक्काम ओढ्याचा. तिथं कालवा पुलावरनं ओढा ओलांडतो. खाली ओढा कोरडा, वर कालवा कोरडा, आणि मधे दाजी दोन्ही हात पसरून उभे. असं दोन पाण्यांचं क्रॉसिंग साऱ्या जिल्ह्यात दुसरं नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुण्याच्या माझ्या चुलतभावानं एकदा विचारलं, की दोन कुठली, एक तरी दाखवा. दाजींनी त्याच्याकडं असं बघितलं की बिचारा परतीच्या वाटेवर गप्प बसून होता.

वाटेत एका खांबावर खात्याची पाटी होती, 'खोल पाणी. धोका. पोहू नये.' पाटीच्या सावलीला कायम शेरडं बसलेली. दाजी आमच्या पोरांना पाटीपासून दहा पावलं लांब उभं करत, काठावर येऊ देत नसत. माझा धाकटा पाच वर्षांचा होता तेव्हा त्यानं दाजींचं वर्णन ऐकून सोलापुरातनं पोहायची ट्यूब आणली होती. ती फुगवून कमरेला अडकवून तो कालव्याकडं बघत राहिला, आणि मग मला म्हणाला, पप्पा, ह्यातलं पाणी कुणी काढून घेतलं काय? मला हसू आवरेना. दाजींनी त्याला जवळ घेतलं आणि ट्यूब जपून ठेवायला सांगितली. ट्यूब आमच्या माळ्यावर आहे. धाकटा आता इंजिनिअरिंगला आहे.

शेवटचा मुक्काम धबधब्याचा. कालवा दाजींच्या गेटापाशी संपतो. गेटाच्या पलीकडं आठ फुटांची दगडी उतरण, खाली छोटी चारी, आणि ती चारी चार गावांच्या शिवारात जाते. गेट उघडलं की पाणी आठ फूट खाली कोसळणार, हाच दाजींचा धबधबा. इथं ते सगळ्यांना अर्धगोल उभं करत. आवाज हळू करत. पाणी कसं येतं, आधी वास येतो, मग वारा गार होतो, मग आवाज, असं सांगत सांगत माणसाला अशा ठिकाणी आणत, की नीट ऐकणाऱ्याला ओल जाणवायची. आणि नेमकं तेव्हा म्हणत, "जरा मागं सरा. शिंतोडं उडत्यात." माझं लग्न झालं त्या मे महिन्यात मी बायकोला घेऊन गेलो होतो. नवी नवरी, नवी पैठणी, नवऱ्याकडच्या माणसांचा मान राखायची सवय. दाजी शिंतोडं म्हणाले आणि तिनं खरोखर निऱ्या उचलून दोन पावलं मागं घेतली. त्या दिवसापासून आमच्या घराण्यात दाजींना आवडणारी एकच सून आहे, आणि ती माझी बायको.

पाणी येईपर्यंत कालवा लोक वापरत होते, त्यालाही दाजींचा विरोध. कोण त्यात कडबा रचायचं, कोण मका वाळवायचं, पोरं क्रिकेट खेळायची. आमच्या सोलापुरातल्या सात रस्त्याच्या झेरॉक्सच्या दुकानासमोरच्या गर्दीत जी गाडी शिकायला माझ्या बायकोला भीती वाटायची, ती गाडी ती त्या कालव्यात तीन दिवसांत शिकली. डावीकडं जायचं भय नाही, उजवीकडं जायचं भय नाही, समोरनं कुणी येत नाही. ह्याला दाजींनी परवानगी दिली ती लाडकी सून म्हणून, आणि एकाच अटीवर: दर पाच मिनिटांनी मागं वळून बघायचं, पाणी मागनं येतं. एकदा एक धनगर मेंढरांचा कळप कालव्यातनं नेत होता. दाजी काठावरनं त्याच्या बरोबरीनं अर्धा मैल चालत त्याला बजावत होते, की पाणी सुटलं तर काय करशील. धनगर शेवटी म्हणाला, "सुटू द्या की मालक, मेंढरं बी तानलेली हायत." दाजींनी वहीत त्या दिवशी मेंढरांची नोंद केली, धनगराच्या उत्तराची केली नाही.

दर महिन्याला ते गेटाला तेल देत. खात्याकडनं ग्रीस यायचं बंद झालं तेव्हा घरातलं करडईचं तेल न्यायला लागले. आमची आक्का फार बोलणारी बाई नाही, पण त्या दिवशी ती दारात उभी राहून शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, की भाजीला तेल नाही आणि हे गेटाला फोडणी देतायत.

आक्काचं हे दुखणं जुनं होतं. आमचे वडील साधे शेतकरी होते, मोडनिंबच्या बाजूचे. मुलगा पाण्याच्या खात्यात आहे एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी लेक सांगोल्याला दिली. "माझ्या पोरीच्या डोक्यावर घागर येणार न्हाय," असं ते बैठकीत बोलले आणि दाजींनी मान हलवली. मग एकतीस वर्षं आक्कानं टँकरच्या रांगेत घागरी लावल्या. दाजींनी सगळ्या जगाला कालवा दाखवला, आक्का कधी गेली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, पाणी आलं की सांगा, मग येते. दाजी हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, की एकदा, निवृत्त व्हायच्या आत एकदा, स्वतःच्या हातानं ते गेट पाण्यावर उघडायचं, ह्याच्याखेरीज ह्या माणसाला आयुष्यात दुसरं काही नको आहे. मामलेदार व्हायचं असतं तर निदान परीक्षा तरी देता आली असती.

आणि काय सांगावं, निवृत्तीच्या महिन्यात खरंच बातमी आली. वरच्या अंगाला पंप बसले होते, कालव्यात चाचणीचं पाणी सोडणार होते. दाजींची नोकरी मे महिन्याच्या शेवटच्या तारखेला संपणार, आणि पाणी निघालं तेव्हा पाच दिवस उरले होते. साधं गणित होतं, तीन दिवसांत पोचायला हवं. दाजींनी मला फोन केला. म्हणाले, दुकान बंद करून या.

गेलो. नुसता मी नाही, दोन तालुक्यांतले सगळे पाहुणे गेले. आयुष्यभर दाजींची टर उडवलेली माणसं सतरंज्या, धपाटे, शेंगाची चटणी, दह्याची भांडी घेऊन गेटावर जाऊन बसली. तीन दिवस आमची सहल चालली होती. आक्का तेवढी घरी राहून भाकऱ्या बडवत होती. वरच्या गेटावरचे दाजींचे जोडीदार दर तासाला फोन करून पाणी कुठं आलं ते सांगत. पण कोरडा कालवा आधी स्वतः पाणी पितो, हे एकतीस वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या अंगावर भेगा, आणि काठावर वरच्या गावांनी पाणी उपसायला रातोरात टाकलेल्या मोटारी. पाणी दिवसाला जेवढं चालेल असं धरलं होतं त्याच्या निम्मं चालत होतं. पुलाखालनं गेलं. ओढ्यावर अडलं. ओढा ओलांडला. शेवटच्या दिवशी दुपारी ते आमच्यापासून दोन कोसांवर होतं, आणि दाजी दर दहा मिनिटांनी काठावर उभं राहून वास घेत होते.

संध्याकाळी सहाला शाखा कचेरीतला कारकून मोटरसायकलवर आला. दाजींच्या जागी नवा माणूस मिळणार नव्हता, तेव्हा चार्ज ह्या कारकुनानंच घ्यायचा होता. चार्ज म्हणजे काय, तर ती वही आणि गेटाचं चाक फिरवायचं लोखंडी हँडल. पाणी यायला रात्र जाईल असं नुकतंच कळलं होतं. कारकून भला माणूस. म्हणाला, हँडल ठेवा तुमच्याकडंच, सकाळी पाणी आलं की उघडा, मी उद्या संध्याकाळी सही घेतो, कोण विचारतंय. आम्ही सगळ्यांनी त्याचीच री ओढली. मी तर दाजींच्या हाताला धरलं. त्यांनी हात सोडवून घेतला, हँडल काढलं, टॉवेलानं पुसलं आणि कारकुनाच्या हातात दिलं.

"सहा वाजून गेलं सायेब," ते म्हणाले. "आता मी रस्त्यावरचा माणूस. रस्त्यावरच्या माणसाच्या हातात सरकारी हँडल द्याल का तुमी?"

मी चिडलो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी जीपमध्ये मी दाजींशी बोललो नाही. एवढा शहाणा माणूस आणि एवढा वेडा, एका कातड्यात कसा मावतो, हेच मला कळेना. घरी आक्कानं ताटं वाढली. काय झालं ते तिनं माझ्या बायकोकडनं ऐकून घेतलं आणि नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली.

सकाळी सातला फोन आला, पाणी गेटाला लागलंय. जीप सुरू करेपर्यंत बघतो तर आक्का पुढच्या सीटवर येऊन बसलेली. हाताला पीठ तसंच.

पाणी आलं होतं. गढूळ, फेसाळ, वाळका पाला पुढं ढकलत. सगळ्यात पुढं क्रिकेटचा चेंडू, त्याच्या मागं एक चप्पल, त्याच्या मागं कुणाच्या तरी मक्याची कणसं. पण गेट बंद होतं, आणि बंद गेटामागं पाणी चढत होतं. अजून हातभर चढलं असतं तर काठ फोडून शेजारच्या डाळिंबाच्या बागेत घुसलं असतं. कारकून हँडलाला लोंबकळत होता. त्या गृहस्थानं आयुष्यात पंख्याच्या रेग्युलेटरखेरीज काही फिरवलेलं नसावं. तिसऱ्या फेऱ्याला चाक अडकत होतं. दाजी चार पावलांवर, दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले आणि तिथनं सांगायला लागले, थोडं उलटं घ्या, मग सुलटं घ्या, जोर करू नका, त्याला जोर चालत न्हाय. कारकून उलटं घेई, सुलटं घेई, आणि चाक होतं तिथं राही. बागवाला ओरडत होता. आम्ही ओरडत होतो. कारकून घामानं निथळून म्हणाला, तुम्हीच फिरवा हो, पाया पडतो.

"मला अधिकार न्हाय," दाजी म्हणाले. पाठीमागं बांधलेले त्यांचे हात मला मागनं दिसत होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट आवळून धरलं होतं.

तेव्हा आक्का पुढं झाली. गर्दीतनं वाट काढत नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. घरात बोलते तेवढ्याच आवाजात बोलली.

"अहो, एकतीस वर्सं सरकारचा पगार घेतला आणि पानी सोडलं न्हाय. आज एक दिवस फुकट काम केलं तर काय बिगडतंय?"

कुणी हसलं नाही. दाजींनी तिच्याकडं बघितलं. मग पाठीमागचे हात पुढं आले. त्यांनी हँडलाला हात लावला, कारकून बाजूला झाला. थोडं उलटं, थोडं सुलटं, आणि एकतीस वर्षं तेल प्यालेलं ते चाक आवाजसुद्धा न करता फिरत गेलं.

पाणी पडलं. आठ फुटांवरनं पडलं हे खरं, पण दाजींनी आम्हाला दाखवलं होतं तसं काही ते नव्हतं. तो धबधबा भिंतीएवढा रुंद होता आणि त्याचा आवाज दोन शिवारांत जायचा. हे वाळत घातलेल्या धोतराएवढं होतं आणि मळकं होतं. शिंतोडं मात्र उडले. आक्काच्या पायावर, साडीवर, तोंडावर उडले. ती मागं सरली नाही. पोरंबाळं खाली चारीत धावली, बायका ओटीचं खण-नारळ घेऊन पुढं झाल्या. मी दाजींच्या तोंडाकडं बघत होतो. आता ते बोलतील, आधी वास येतो, मग वारा गार होतो, म्हणतील. पण त्यांनी हँडल कारकुनाला परत दिलं आणि काठावर बसून राहिले. मला मात्र रडू फुटलं. आदल्या दिवशी ह्या माणसाशी अबोला धरला होता ह्याची मला लाज वाटत होती.

पाणी चार दिवस राहिलं. मग चाचणी झाली म्हणून वरनं बंद केलं, आणि ते अजून सुटायचं आहे.

त्या दिवाळीत आम्ही नेहमीसारखे सांगोल्याला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा संपवला, कपबशी खाली ठेवली, आणि वाट बघत बसलो. दाजी पेपर वाचत होते. पेपर संपला तसा त्यांनी तो घडी घालून ठेवला आणि पुन्हा उघडला. शेवटी मीच म्हणालो, "दाजी, चला की कालव्यावर."

त्यांनी पेपरातनं मान वर केली नाही. म्हणाले, "काय बगायचं तितं? कोरडा हाय त्यो."

वीस वर्षं आम्ही सगळे त्यांना हेच सांगत होतो. हे त्यांना पटत नाही म्हणून हसत होतो. आणि आता ते पटलं, तर मला ते ऐकवेना. एकतीस वर्षं ज्याला तिथं पाणी दिसलं त्याला ते चार दिवस खरं दिसलं, आणि मग कालवा कोरडा झाला. बायकोनं माझी रिकामी कपबशी उचलून आत नेली.

आतनं आक्का पदराला हात पुसत बाहेर आली.

"मला दाखवा की," ती म्हणाली. "त्या दिवशी मी नुसतं पानीच बगितलं. कालवा बगायचा ऱ्हायलाय."

दाजींनी पेपर घडी घालून ठेवला. मग उठले, आणि खाटेखाली वाकून चपला शोधायला लागले.